भोंग्यात आलं होतं

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास सुरेंद्र निमकर चिंचवड स्टेशनजवळच्या आपल्या गाळ्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या अंकाचं शेवटचं पान तपासत होते. तेवढ्यात एक बाई थेट आत आली. वय चाळिशीचं, पदर खोचलेला, कोपरापर्यंत कणकेचे वाळलेले पापुद्रे. हातातलं काम टाकून निघालेली दिसत होती. तिचा नवरा बाहेर दाराशीच थांबला.

"भोंगा पेपर हाच का?"

"हाच. बसा ना."

ती बसली नाही. तिनं मोबाइल पुढे धरला. "आमी तुमचं काय वाईट केलतं, तेवढं सांगा."

निमकरांनी चष्मा चढवला. मोबाइलच्या पडद्यावर वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो होता. वर 'भोंगा' ही दोन अक्षरी पट्टी, मध्ये धुराडं. एकोणचाळीस वर्षांपूर्वी पिंपरीतल्या एका पाट्या रंगवणाऱ्यानं काढून दिलेली. खाली मथळा: 'महाळुंग्यातील मंजुषा मेसच्या डब्यातून ४२ कामगारांना विषबाधा, दोघे अत्यवस्थ'. बातमी आठ ओळींची. शेवटचं वाक्य होतं, 'या घटनेने परिसरात एकच खळबळ उडाली आहे.'

"हे आम्ही छापलेलं नाही," निमकर म्हणाले.

"मग कुणी छापलं? वर नाव कुणाचं आहे?"

"नाव आमचं आहे. पण बातमी आमची नाही. आमच्या पेपरात खळबळ हा शब्दसुद्धा कधी येत नाही."

तिला खळबळीशी काही देणंघेणं नव्हतं. "मी मंजुषा बिरादार. मेस माझीच आहे," ती म्हणाली. "परवापर्यंत एकशे चाळीस डबे जायलते. आज सकाळी बावीस गेले. लोकं फोन उचलंनालेत. एक पोरगा तर डबा परत ठेवून गेला, उघडला बी नाही. कुणाचं पोट दुखलं नाही, कुणी दवाखान्यात नाही. मी उदगीरची, इथं माझं कोण आहे? तुमीच सांगा लोकाला."

"सांगतो," निमकर म्हणाले. "उद्याच्या अंकात पहिल्या पानावर सांगतो. काळजी करू नका."

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. आपण सांगितलं की लोक ऐकतात, अशी त्यांना आयुष्यभराची सवय होती.

निमकर मूळचे जुन्नरचे, शाळामास्तरांचा मुलगा. आयटीआय करून पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर म्हणून लागले. तिथे संप झाला, टाळेबंदी झाली, आणि त्या पाच महिन्यांत रोज नवी अफवा उठायची. कंपनी विकली, कंपनी उघडणार, पुढाऱ्यांनी पैसे खाल्ले. खरं काय ते कुणालाच कळत नव्हतं. मोठ्या पेपरांत शेअर बाजार असायचा, कामगारांच्या गेटवर काय चाललंय ते नसायचं. टाळेबंदी उठली तेव्हा निमकरांना परत घेतलं नाही. मग त्यांनी १९८५ साली चिंचवड गावठाणातल्या एका छपाईच्या ट्रेडल मशिनवर स्वतः खिळे जुळवून चार पानांचं साप्ताहिक काढलं. औद्योगिक वसाहतीला गुरुवारी सुट्टी, म्हणून अंक बुधवारी. पहिली पाळी सुटायच्या आत तो प्रत्येक गेटवर पोचलेला असायचा. कुठे भरती आहे, कुठल्या कंपनीत काय करार झाला, कुठे कुणाचा हात मशिनमध्ये गेला, कोण निवृत्त झालं, कुठे खोली भाड्यानं आहे, सगळं त्यात असायचं. चांगल्या दिवसांत अकरा हजार प्रती जात.

त्र्याण्णव साली त्यांच्या हातून एक चूक झाली. मंगळवारी रात्री भोसरीच्या एका कारखान्यात अपघातात एक माणूस गेला. त्याचं नाव हिंदुराव. त्याच खात्यात आणखी एक हिंदुराव होता, सांगवीचा. घाईत निमकरांनी सांगवीचा छापला. हा हिंदुराव ओव्हरटाइम संपवून घरी पोचण्याआधी अंक सांगवीत पोचला होता. तो दारात आला तेव्हा त्याची आई अंबुबाई अंगणात बेशुद्ध पडलेली आणि भोवती बाया रडत होत्या. निमकरांना कळल्यावर त्यांनी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत एकपानी पत्रक छापलं, 'सांगवीचे हिंदुराव सुखरूप, चूक आमची', आणि स्वतः सायकलवरून वाटलं. संध्याकाळपर्यंत साऱ्या सांगवीनं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी ते अंबुबाईंच्या पाया पडायला गेले.

म्हातारी म्हणाली, "माझं लेकरू जित्तं हाय, आता माझं काय म्हनणं न्हाई. पर त्या दोन तासांत मी मेले ती मेलेच, बाबा."

तेव्हापासून त्यांनी नियम केला. कुठलीही बातमी दोन माणसांकडून खात्री केल्याशिवाय छापायची नाही, आणि त्यातल्या एकानं ती डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजे. या नियमापायी किती बातम्या हुकल्या, किती शिळ्या झाल्या. पण हळूहळू कंपन्यांच्या गेटवर लोक म्हणू लागले, "भोंग्यात आलंय का? मग खरं असणार." निमकरांनी याहून मोठं काही कमावलं नाही. घर मृदुलाताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, महापालिका शाळेतल्या नोकरीवर चाललं. मुलगी शिकून बंगळुरूला गेली. जुने कामगार निवृत्त झाले, नवे कंत्राटी आले; आज या कंपनीत, सहा महिन्यांनी त्या. त्यांच्या हातात मोबाइल होता. 'भोंगा' आता सहाशे छापला जाई, तोही बहुतेक जुन्या वर्गणीदारांसाठी.

बुधवारच्या अंकात पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात, निमकरांनी खुलासा छापला. नेहमीच्या सहाशेऐवजी तीन हजार प्रती काढल्या. गठ्ठे रिक्षात घातले आणि ते स्वतः चाकणजवळ महाळुंग्याला गेले. दुपारी पाळी सुटायच्या वेळी एका कंपनीच्या गेटबाहेर उभे राहिले. कितीतरी वर्षांनी ते असे उभे होते. कामगार बाहेर पडत होते ते कानात वायरी घालून, बसकडे धावत. अंक पुढे केला की काही जण फुकटची जाहिरात समजून घेत आणि चार पावलांवर टाकून देत.

एक जण मात्र थांबला. तिशीचा असेल. त्यानं मथळा वाचला आणि हसला.

"काका, ही बातमी मी बघितलीय. भोंग्यातच आली होती."

"ती खोटी आहे. तेच तर यात लिहिलंय."

"असं कसं? माझे वडील तीस वर्षं कंपनीत होते. ते म्हणायचे, भोंगा खोटं छापत नाही."

"बाळा, भोंगा माझा आहे. मीच छापतो."

त्या माणसानं त्यांना नीट पाहून घेतलं. मग जरा आवाज उतरवून, समजुतीनं म्हणाला, "मग दबाव आला असेल तुमच्यावर. होतं असं, काका. मेसवाल्यांची पण ओळख असते वरपर्यंत." आणि तो बसमध्ये चढला.

निमकर तिथेच उभे राहिले. खरी बातमी छापल्यावर दबाव येतो आणि मग खुलासा छापावा लागतो, हे लोकांना ठाऊक होतं. त्यामुळे खुलासा वाचून त्यांचा खोट्या बातमीवरचा विश्वास जास्तच पक्का होत होता. आपण जे वाटतोय त्यानं त्या बाईचं नुकसान होतंय की काय, असं त्यांच्या पहिल्यांदा मनात आलं. तरी उरलेले अंक त्यांनी वाटले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

शुक्रवारी ते मंजुषाबाईंना घेऊन एका कंपनीतल्या अधिकाऱ्याला भेटले. रविराज त्याचं नाव. कंत्राटी कामगारांचं जेवणखाण बघणं हे त्याचं काम, आणि चाळीस डबे एकट्या त्याच्याकडे जात होते. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला.

"सर, माझा तुमच्यावर शंभर टक्के विश्वास आहे," तो म्हणाला. "ताई, तुमच्या हातची भाजी मी स्वतः खाल्लीय. पण ते कात्रण वरच्या साहेबांच्या ग्रुपवर आलंय. उद्या कुणाला उन्हानं जरी चक्कर आली, तरी पहिला प्रश्न मला विचारतील, माहीत असून डबे का चालू ठेवले?"

"पण माहीत काय आहे? घडलंच नाही तर माहीत काय असणार?" निमकरांनी विचारलं.

"तेच ना, सर. कात्रण आलंय, एवढंच माहीत आहे."

त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. तो त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. बाहेर आल्यावर मंजुषाबाई म्हणाल्या, "चांगला माणूस आहे. त्येची बी नोकरी आहे." निमकरांना वाटलं, ही बाई आता चिडली तर बरं होईल.

पोलीस चौकीतही वागणूक चांगलीच मिळाली. फौजदारानं अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. "सायबरकडे पाठवतो," म्हणाला. "वेळ लागेल. काका, तुमच्या पेपराचं नाव बदलून का बघत नाही?" निमकरांनी अर्जाची प्रत घडी करून खिशात घातली.

ज्यानं ते कात्रण केलं होतं, तो पोलिसांना सापडायच्या आधी आपणहून आला. मंजुषाबाई गाळ्यात आल्यापासून नऊ दिवसांनी, गुरुवारी सकाळी. सव्वीस वर्षांचा, चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. दारातूनच म्हणाला, "निमकर सर? मी केयूर. ते मेसचं मी केलं."

निमकरांनी त्याला बसवलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"का केलंस?"

"मस्करी होती, सर. आमच्या रूमवरच्या सहा जणांचा ग्रुप आहे. त्या बाई मला सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, अन्न टाकतोस म्हणून. मला राग आला. म्हटलं, जरा गंमत करू. मोबाइलवर होतं ते, चार मिनिटांत. फक्त आमच्या ग्रुपवर टाकलं होतं. दुपारपर्यंत ते मलाच तीन ठिकाणांहून आलं. मग मी घाबरलो."

"पण आमचंच नाव का? शेकडो पेपर आहेत."

केयूर खाली बघू लागला. "घरी बाबांच्या निवृत्तीचं कात्रण आहे, सर. तुमच्या पेपरातलं. आईनं लॅमिनेट करून भिंतीला लावलंय. त्याचा फोटो माझ्याकडे होता. आणि..." तो थांबला. "दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं, खोटं आहे म्हणून."

निमकरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि परत ठेवला. त्याचा चेहरा लबाड नव्हता. ते त्याला घेऊन सरळ महाळुंग्याला गेले.

मंजुषाबाई मेसच्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. केयूर त्यांच्या पाया पडला, रडला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला भूक नव्हती तर कमी घ्यायचं होतं, एवढंच म्हणले होते मी."

निमकर म्हणाले, "तक्रारीत याचं नाव घालता येईल. तुम्ही म्हणाल तसं."

"घालून काय होईल? त्येची नोकरी जाईल. डबे येतेत का माझे परत?"

केयूरनंच मग तोडगा काढला. त्यानं तिथे, मेसच्या पाटीखाली उभं राहून, स्वतःचं नाव सांगून माफी मागितली आणि कात्रण आपण बनवल्याचं कबूल केलं. निमकरांनी ते मोबाइलवर टिपलं आणि केयूरनं ते आपल्या ग्रुपवर टाकलं. बातमी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं माफी जाईल, असं तिघांनाही वाटलं. निमकर घरी आले ते बऱ्याच दिवसांनी हलके होऊन. मृदुलाताईंना म्हणाले, "पोरगा धीराचा आहे गं. आपल्या पायांनी आला."

शनिवारी तो व्हिडिओ मृदुलाताईंच्याच मोबाइलवर आला, सोसायटीतल्या एका बाईंकडून. त्यांनी तो नवऱ्याला दाखवला. केयूरचे डोळे रडून सुजलेले होते, आवाज कापत होता. सुरुवातीचं नाव कुणीतरी कापून टाकलं होतं. खाली ओळ होती: 'विषबाधेची बातमी फोडणाऱ्या तरुणाला मेसचालकांनी मारहाण करून माफी मागायला लावली. जास्तीत जास्त शेअर करा.'

निमकरांनी तो दोनदा पाहिला. मग मोबाइल उलटा ठेवला.

"आता तुम्ही यात काही करू नका," मृदुलाताई म्हणाल्या. "तुम्ही हात लावाल तसं ते वाढतंय."

"मग गप्प बसू?"

"तसं नाही म्हणत मी. पण काय कराल, सांगा बरं."

त्या दिवसापासून निमकरांनी एवढंच केलं, की दुपारचं जेवण ते मंजुषाबाईंच्या मेसमध्ये जाऊन जेवू लागले. बरोबर दोन जुने मित्र नेले. रस्त्यावरून दिसेल अशा बाकावर बसायचे. चाकणच्या रस्त्यावरची ती गर्दी, कंटेनरमागे कंटेनर, दोन तास जायला, दोन तास यायला. मित्र चौथ्या दिवशी थकले. निमकर अकरा दिवस गेले. मंजुषाबाई त्यांना आग्रह करकरून वाढायच्या. भांडी मोठी होती आणि तळाशी थोडीशी भाजी. त्यांना घास जड व्हायचा, पण पानात काही ठेवायची त्यांची छाती नव्हती.

बाराव्या दिवशी ते गेले तेव्हा नवरा टेम्पोत पातेली चढवत होता.

"एका कंपनीच्या कँटीनला लागले मी," मंजुषाबाई म्हणाल्या. "भांड्याला. ह्ये जातेत उदगीरला, शेताला." मग निमकरांचा चेहरा बघून त्यांनीच समजूत घातली. "तुमी लई केलं, साहेब. एवढं कोण करतंय? नशिबात नव्हतं आमच्या."

"नशीब कसलं? माझं नाव होतं त्याच्यावर," निमकर म्हणाले.

"नाव चांगलं होतं म्हणूनच तर," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. जसं आहे तसं सांगत होती. आणि तिनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, कारण ते उन्हातून आले होते.

त्या आठवड्यात निमकरांनी 'भोंगा' बंद करायचं ठरवलं. शेवटच्या अंकाचा मजकूरही लिहिला. अंकाची जुळणी बघणारा दिग्विजय गेली बारा वर्षं त्यांच्याबरोबर होता. त्यानं तो वाचला आणि विचारलं, "बंद केल्यानं काय होणार, सर?"

"नाव वापरता येणार नाही कुणाला."

"उलट आहे. आता निदान विचारायला एक पत्ता तरी आहे. गाळ्याला कुलूप लागलं की, हे आमचं नाही, एवढं म्हणायलासुद्धा कुणी उरणार नाही. आणि पट्टी तर फिरतच राहणार."

बंद करून उपयोग नव्हता, चालू ठेवून उपयोग नव्हता. निमकरांनी मजकूर खणात ठेवला. बुधवारचा अंक नेहमीसारखा निघाला, सहाशे प्रती.

पुढच्या महिन्यात सोमवारी सकाळी आठ वाजता दिग्विजयचा फोन आला. "सर, चाकणला जरा या. आपल्या नावानं भरतीची जाहिरात फिरतीय. दोन हजार जागा, थेट मुलाखत. खूप पोरं आलीत."

निमकर पोचले तेव्हा त्या कंपनीच्या बंद गेटपासून रांग सर्व्हिस रोडला लागून वळणापलीकडे गेली होती. बीड, परभणी, हिंगोलीहून आलेले, पाठीवर सॅक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सर्टिफिकिटं. पहारेकरी आतून ओरडून सांगत होता, भरती नाही. कुणी हलत नव्हतं. निमकर रांगेच्या पुढच्या टोकाशी गेले.

"मी निमकर. भोंगा पेपर माझा आहे. ही जाहिरात आम्ही छापलेली नाही. इथं भरती नाही. तुम्ही घरी जा."

पुढचे चार-पाच जण त्यांच्याकडे बघू लागले. एकानं मोबाइल काढून कात्रण पुन्हा वाचलं.

"कशावरून तुमचा पेपर?" त्यानं विचारलं.

निमकरांनी खिशातून ओळखपत्र काढलं. त्यानं ते उलटसुलट केलं, मागच्याला दाखवलं. मागचा हलकेच म्हणाला, "रांग कमी करायला पाठवलं असंल यांना. जागा सोडू नको."

"अरे, मी खरं सांगतोय."

"हो काका," पहिला म्हणाला आणि ओळखपत्र अदबीनं परत दिलं. "पण रात्रभर बसनं आलोय. आता आलोच आहे तर संध्याकाळपर्यंत थांबतो."

निमकर रांगेच्या कडेनं मागे सरकले. मागच्या माणसाला तेच सांगितलं, त्याच्या मागच्यालाही. कुणी मान हलवत होतं, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतं. ऊन चढलं. घसा कोरडा पडल्यावर ते कुंपणाच्या सावलीला टेकले. समोर आणखी एक बस थांबली. त्यातून उतरलेल्या पोरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि रांगेचं शेवटचं टोक कुठे आहे ते निमकरांनाच विचारलं.